लांब आणि फुगणाऱ्या केसांची घरच्या घरी निगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

केस लांब आणि त्यातून फुगणारे असले की सल्ल्यांना तोटा नसतो. आजी एक सांगते, पार्लरवाली दुसरं, शेजारची वहिनी तिसरंच. मला सतत येणारे प्रश्न इथे साध्यापासून अवघडापर्यंत लावले आहेत. एक उत्तर दुसऱ्याला लागून असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान पहिला आणि चौथा प्रश्न वाचा. बहुतेकींचं काम नवीन बाटली न आणता तेवढ्यावरच भागतं.

१. माझे केस कायम पिंजारलेले दिसतात. म्हणजे ते खराब झालेत का?

असं आधीच ठरवू नका. एकदा न्हाल्यावर केस न विंचरता, न चोळता नुसते सोडा आणि आपले आपण वाळू द्या. वाळताना लाटा पडल्या, बटा एकमेकींना धरून राहिल्या, टोकं वळली, तर तुमचे केस मुळात नागमोडी आहेत. आपल्याकडे असे केस पुष्कळ जणींचे असतात. पण लहानपणापासून रोज सकाळी कंगवा मारून, तेल चोपडून दोन घट्ट वेण्या घातलेल्या असतात, त्यामुळे स्वतःचे केस मोकळे कसे दिसतात हे त्यांनी पाहिलेलंच नसतं. नागमोडी केस कोरडे असताना विंचरले की लाट मोडते, बटा सुटतात आणि एकेक केस वेगळा उभा राहतो. हे केस निरोगी आहेत, त्यांना वागणूक चुकीची मिळते आहे.

आता दुसरी तपासणी. एक केस दोन बोटांत धरून मुळाकडून टोकाकडे सरकवा. खालच्या अर्ध्या भागात खरखर लागते का? टोकाला फाटे फुटलेत का? उजेडात धरल्यावर मध्येच मिठाच्या कणाएवढा पांढरा ठिपका दिसतो, आणि तिथे वाकवलं की केस तुटतो का? असं असेल तर ती झीज. अनेकींच्या बाबतीत दोन्ही असतं: वर लाटा, खाली झीज.

२. केस मुळात फुगतात कशामुळे? आणि पावसाळ्यातच जास्त का?

केसाच्या बाहेरच्या बाजूला एकमेकांवर चढलेले सूक्ष्म खवले असतात. ते चपट बसलेले असले की केस गुळगुळीत लागतो. झिजून उचकटले की हवेतला दमटपणा सहज आत शिरतो. आतला गाभा केराटिन या प्रथिनाचा. त्याच्या साखळ्यांना धरून ठेवणारे हायड्रोजन बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना नव्या जागी जुळतात. म्हणूनच ओल्या केसांची वेणी घातली की वाळल्यावर लाटा उरतात, आणि म्हणूनच घरून इस्त्री करून सरळ केलेले केस जुलैमध्ये दादर स्टेशनवर उतरेपर्यंत पुन्हा फुगलेले असतात. दमट हवेत हे सुटणं-जुळणं दिवसभर चालू राहतं.

विदर्भात मे महिन्यात याच्या उलट होतं. हवा इतकी कोरडी की केसातलाच ओलावा निघून जातो, केस राठ होतात आणि विंचरताना स्थिर विजेने उभे राहतात. कारण वेगळं, म्हणून काय लावायचं तेही थोडं बदलतं (प्रश्न १० पाहा).

यात लांबीची भर. केस महिन्याला साधारण १ ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. कमरेपर्यंत पोचलेल्या केसाचं टोक म्हणजे ५-६ वर्षांचं झालं. तेवढे उन्हाळे त्याने सोसलेत, आणि टाळूचं नैसर्गिक तेल तर तिथवर पोचतच नाही. मुळांना आणि टोकांना एकसारखं वागवून चालत नाही ते यामुळे.

३. आठवड्यातून किती वेळा न्हावं?

हे टाळूला विचारा, टोकांना नाही. बहुतेकींना आठवड्यातून दोनदा पुरतं. घाम खूप येत असेल, व्यायाम करत असाल किंवा टाळू लवकर तेलकट होत असेल तर तीनदा. 'केस कोरडे आहेत' म्हणून पंधरा-पंधरा दिवस न न्हाणं चांगलं नाही, त्याने टाळूला खाज आणि कोंडा सुरू होतो. टोकांना जपायचं ते न्हाण्याच्या पद्धतीतून.

४. न्हायच्या दिवशी नेमकं काय करायचं, आणि कोणत्या क्रमाने?

सगळा खेळ या दिवसाचा आहे, म्हणून सविस्तर सांगते.

केस भिजवण्याआधीच, कोरडे असताना, बोटांनी गुंता सोडवून घ्या. पाणी लागलं की गुंता आवळतो. शक्यतो उभ्याने किंवा पाटावर ताठ बसून न्हा, म्हणजे पाणी वरून खाली वाहील. डोकं पुढे झुकवून सगळे केस बादलीवर घेऊन चोळायची सवय लांब केसांना फार महागात पडते. पाणी कोमट ठेवा, कढत नको.

शाम्पू थोड्या पाण्यात घोळवून घ्या आणि फक्त टाळूवर लावा. नखं न लावता बोटांच्या पेरांनी चोळा. कानामागे आणि मानेवर विशेष लक्ष द्या, तेल तिथेच राहतं. लांबीला मुद्दाम शाम्पू लावायची गरज नाही, वरून वाहत येणारा फेस तिला पुरतो.

मग केस हलकेच दाबून पाणी काढा. कंडिशनर कानाच्या पातळीपासून खाली लावायचा. केसांचे दोन भाग करून एकेक भाग दोन्ही तळहातांमध्ये धरा आणि हात वरून खाली सरकवा, म्हणजे खवले बसत जातात. आता मोठ्या दातांचा कंगवा घ्या. आधी टोकांचा चार बोटं भाग सोडवा, मग त्याच्या वरचा, असं करत मुळांपर्यंत जा. दोन-तीन मिनिटांनी धुवा. केसांना किंचित निसरडेपणा राहिला तर राहू द्या.

पुसताना जाड टर्किश टॉवेल बाजूला ठेवा. पंचा, जुनं मऊ धोतर किंवा झिजलेला सुती टी-शर्ट घ्या. भिजलेली पैठणी आपण पिळत नाही, दाबून पाणी काढतो, तसंच इथे करायचं. मान तिरकी करून टॉवेलच्या फटकाऱ्यांनी केस झाडायची पद्धत मात्र कायमची सोडा. ओला केस सहज ताणला जातो आणि प्रमाणाबाहेर ताणला की पूर्ववत होत नाही.

पाणी टपकायचं थांबलं पण केस अजून चिंब आहेत, ही जेल किंवा न धुवायचा कंडिशनर लावायची नेमकी वेळ. यानंतर हात दूर ठेवा. पंख्याखाली वाळू द्या, मध्ये मध्ये बोटं फिरवू नका. लाटा हव्या असतील तर वाळल्यावर कंगवा लावू नका. सरळ केस आवडत असतील तर जवळपास वाळल्यावर एक सैल वेणी घाला आणि तासाभराने सोडा.

५. आई म्हणते तेल न लावल्यामुळेच केस असे झाले. खरंच तेल लावावं का? कोणतं?

आईचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे, विशेषतः नारळाच्या तेलाबाबत. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली. केसातलं प्रथिन धुऊन जाण्याचं प्रमाण लक्षणीय कमी झालं ते फक्त खोबरेलाने. त्यातलं लॉरिक आम्ल छोट्या, सरळ रेणूचं असल्यामुळे केसाच्या आत शिरू शकतं. बाकी तेलं बरीचशी वर राहतात, त्यांनी चमक येते आणि गुंता कमी होतो.

तेल लावायचं न्हायच्या आधी, तास-दोन तास किंवा फार तर आदल्या रात्री. टाळूला थोडं, टोकांना सढळ. थंडीत बाटली गोठली तर ती कोमट पाण्यात ठेवा, तेल गॅसवर कढवू नका. न्हाल्यावर तेल लावायचं असेल तर दोन-तीन थेंब तळहातावर पसरून फक्त टोकांना पुसा.

आणि तेल लावताना केस घसाघसा चोळू नका. तेल गुणकारी असतं, पण चोळण्याने केस तुटतात.

६. कोंडा आहे. तेल लावून बरा होईल ना?

उलट वाढू शकतो. कोंड्यामागे बऱ्याचदा मॅलासेझिया नावाची बुरशी असते आणि ती टाळूवरच्या तेलावर जगते. तेलाने पापुद्रे चिकटून बसतात, म्हणून कोंडा गेल्यासारखा वाटतो इतकंच. अशा वेळी टाळूला तेल बंद करा, टोकांना चालेल. किटोकोनॅझोल असलेला शाम्पू आठवड्यातून दोनदा टाळूवर लावून काही मिनिटं ठेवा. त्याने लांबी कोरडी पडते, म्हणून नंतर कंडिशनर हवाच.

७. शिकेकाई चांगली की शाम्पू?

तुमचे केस ज्याने स्वच्छ होतात पण करकरत नाहीत, ते चांगलं. शिकेकाईत नैसर्गिक फेसद्रव्य असतं आणि तिचं पाणी किंचित आम्ल असतं, ही केसांना मानवणारी गोष्ट. पण पूड लांब केसांत अडकते, ती काढताना केस तुटतात. म्हणून शेंगा रात्रभर भिजवा, सोबत थोडा सुका आवळा टाका, सकाळी उकळून दोनदा गाळा आणि ते पाणी वापरा. रिठा जपून, तो जास्त घातला की केस कोरडे ठाक होतात. डोळ्यांत गेलं तर दोन्ही झोंबतात. दिवाळीचं उटणं अंगाला लावा, केसांना नको.

भरपूर तेल लावलं असेल तर शिकेकाई ते एका खेपेत काढू शकत नाही. तेव्हा सौम्य शाम्पू बरा.

८. कंडिशनर लावला की केस गळतात असं ऐकलंय. सिलिकॉनने केस खराब होतात का?

गळत नाहीत. रोज ५० ते १०० केस सुटणं नैसर्गिक आहे. जे आधीच सुटलेले असतात ते कंडिशनरच्या निसरडेपणामुळे एकदम हातात येतात आणि घाबरायला होतं. कंडिशनर टाळूवर थापला तर मुळं चिपचिपीत होतात, एवढं मात्र खरं.

डायमेथिकोनसारखं सिलिकॉन केसावर पातळ थर देतं, घर्षण कमी करतं आणि दमट हवा रोखतं. लांब केसांना त्याचा फायदाच होतो. थर साचून केस जड वाटू लागले तर महिन्यातून एकदा नेहमीपेक्षा जरा तीव्र शाम्पूने धुवावं.

९. आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. काहीही लावलं तरी केस राठच. काय करावं?

बादलीला आणि नळाच्या तोटीला पांढरा थर बसत असेल तर पाणी जड आहे. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसांवर बसतं. या पाण्यात अंगाचा साबण केसांना अजिबात लावू नका, त्याचा चिकट साका केसांवरून निघत नाही.

घरात पाणी शुद्ध करायचं आरओ यंत्र असेल तर शेवटचे दोन तांबे त्या पाण्याचे घ्या. नसेल तर तांब्याभर पाण्यात एक चमचा व्हिनेगर घालून लांबीवरून ओता आणि साध्या पाण्याने खळखळा. टाळूला जखम किंवा पुरळ असेल तर हे करू नका. तीन-चार आठवड्यांतून एकदा ईडीटीए असलेला शाम्पू वापरला तर साचलेले क्षार निघतात. नळाला लावायच्या छोट्या गाळण्यांवर खर्च करण्याआधी विचार करा, बहुतेक गाळण्यांनी पाण्याचा जडपणा जात नाही.

१०. जवसाची जेल घरी कशी करायची? कोरफड चालेल का?

दोन मोठे चमचे जवस आणि दोन कप पाणी मध्यम आचेवर ठेवा आणि ढवळत राहा. सात-आठ मिनिटांत पाणी दाट होऊ लागतं. चमचा उचलल्यावर थेंब पडण्याऐवजी तार सुटली की लगेच गॅस बंद करा आणि गरम असतानाच गाळा. इथेच बहुतेकींचा घोटाळा होतो: गार झाल्यावर जेल गाळणीतून उतरतच नाही. चहाच्या गाळणीपेक्षा पातळ ओढणीचा तुकडा बरा पडतो, चिमट्याने धरून दाबत खाली ओढायचा. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. वास बदलला की टाका.

चिंब केसांना लावा. वाळल्यावर केस कडक लागतील, तेव्हा मुठीत हलके चुरगळा, कडकपणा जातो आणि लाट राहते. जास्वंदीची पानं पाण्यात चुरून निघणारा बुळबुळीत रसही असाच उपयोगी आहे, तो न्हाण्याआधी लावून धुऊन टाकावा. ताजी कोरफड लावायची तर आधी पानातला पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, त्याने खाज येते.

हवामानाचं भान ठेवा. ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात ग्लिसरीन असलेली क्रीम केस आणखी फुगवतात. तेव्हा जवस आणि वर दोन थेंब तेल किंवा सिलिकॉनचं सीरम. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात जाडसर क्रीम आणि बाहेर जाताना केस झाकणं जास्त कामाचं.

११. दही, अंडं, लिंबू, खायचा सोडा, तांदळाचं पाणी: यातलं काय लावू?

दही लावायला हरकत नाही, केस काही काळ मऊ लागतात. अंड्यातलं प्रथिन केसात शिरत नाही आणि गरम पाण्याने धुतलं तर ते केसांतच शिजतं. लिंबू थेट टाळूवर नको. सोडा तर अजिबात नको: तो अल्कधर्मी आहे, खवले उचकटतात आणि फुगणं वाढतं. तांदळाच्या पाण्याने पहिल्या एक-दोन वेळा केस भरदार वाटतात, मग स्टार्चचा थर साचून कडक होतात. लावायचंच असेल तर महिन्यातून एकदा, धुऊन टाकून.

१२. रोज किती वेळा विंचरायचं? मोठा गुंता झाला तर?

'शंभर वेळा कंगवा फिरवा' हे विसरा. नागमोडी केस ओले आणि कंडिशनर लावलेले असतानाच विंचरा. सरळ केस दिवसातून एक-दोनदा, टोकापासून वर. गुंत्याला तेल लावा, मुळाकडची बाजू घट्ट धरा म्हणजे ओढ टाळूला बसणार नाही, आणि बोटांनी एकेक बट बाहेर काढा. कात्री शेवटी.

१३. मी रोज स्कूटरवर जाते. स्कार्फ, हेल्मेट, घाम... केसांचं काय करू?

सैल वेणी घाला आणि टोक स्कार्फच्या किंवा जॅकेटच्या आत घ्या. सुती स्कार्फ केसांवर घासतो, म्हणून त्याच्या आत सॅटिनचा रुमाल बांधा. वर उंच बुचडा बांधून हेल्मेट घालू नका, ते नीट बसत नाही आणि केसही एकाच जागी तुटतात. पोचल्यावर केस मोकळे करून घाम वाळू द्या.

रात्रीही सैल वेणी आणि सॅटिनचा अभ्रा. ओले केस बांधून झोपू नका. ओल्या केसांत गजरा माळला की वास कोंडतो, हा अनुभव लग्नसराईत अनेकींना येतो. कपाळावरचे केस मागे सरकू लागले असतील तर घट्ट वेणी आणि घट्ट रबर आजपासून बंद करा. त्या ओढीने मुळं कायमची जाऊ शकतात.

१४. ताई, दर महिन्याला टोकं कापली की केस लवकर वाढतात ना?

केस मुळातून वाढतात, कात्रीचा त्याच्याशी संबंध नाही. पण फाटा वर चढत जातो, म्हणून तीन-चार महिन्यांतून एकदा अर्धा-एक इंच काढावं. फाटा जोडणारं कोणतंही क्रीम नाही.

१५. भांगापाशी छोटे छोटे केस उभे राहतात. ते तुटलेले आहेत की नवे?

टोक बघा. निमुळतं असेल तर नवा केस, एकदम बोथट असेल तर तुटलेला. नव्या केसांचा आनंद माना आणि कोरफडीच्या थेंबाने बसवा. बाळंतपणानंतर दोन ते चार महिन्यांनी केस खूप गळतात आणि मग असे नवे केस कपाळाशी दिसू लागतात. वर्षभरात बहुतेकींचे केस भरून येतात.

१६. मेंदी लावल्यापासून केस जास्त राठ झालेत. असं का?

मेंदीतला लॉसोन हा रंग केराटिनला चिकटतो आणि केस जाड, काहीसे ताठ होतात. सरळ, पातळ केसांना ते मानवतं. कोरड्या, नागमोडी केसांना अनेकदा नाही. दर वेळी लांबीभर न लावता फक्त मुळांकडच्या पांढऱ्या भागाला लावा आणि दुसऱ्या दिवशी टोकांना तेल. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग असतो. त्याची ॲलर्जी गंभीर होऊ शकते, म्हणून आधी कानामागे लावून ४८ तास बघा.

१७. पार्लरमध्ये द्रावण लावून केस सरळ करतात ते केराटिन करून घेऊ का? निदान स्ट्रेटनर?

माझं मत स्पष्ट आहे: नको. अशा अनेक द्रावणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तो मानवी कर्करोगकारक ठरवला आहे. 'फॉर्माल्डिहाइडमुक्त' म्हणून आलेल्या काही द्रावणांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. ती वापरल्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना तर हा विषयच नको.

स्ट्रेटनर क्वचित वापरायचा तर पूर्ण कोरड्या केसांवर, १८० अंशांच्या खाली, एका बटेवरून एकदाच. ओल्या केसावर लावला तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केस आतून फुटतो.

१८. पद्धत पाळूनही तीन-चार महिन्यांत फरक नाही. कोणाला दाखवू?

त्वचारोगतज्ज्ञांना. केस अचानक राठ झाले असतील, सोबत थकवा, वजनवाढ, पाळीत बदल असेल तर थायरॉइड आणि हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्या. गोल चकत्या पडल्या किंवा टाळू दुखत असेल तर थांबू नका.

१९. आजीच्या केसात जट झाली आहे. घरचे म्हणतात देवीची आहे, कापली तर कोप होईल. काय करावं?

जट म्हणजे न सुटलेला गुंता. सुटलेले केस, घाम, तेल आणि धूळ एकत्र चिकटत जातात, वर हळद-कुंकू पडतं, आणि लांब, नागमोडी, न विंचरलेल्या केसांत ती लवकर होते. आजारपणात अंथरुणाला खिळलेल्या बाईच्या केसात ती काही आठवड्यांतही होऊ शकते. त्यात उवा होतात, टाळूला जखमा होतात, वजनाने मान दुखते. एकेकाळी जट आलेल्या मुलींना देवाला सोडलं जाई, इतकी ही समजूत खोल आहे, म्हणून आजीच्या भीतीला हसू नका.

महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा बायकांच्या घरी जाऊन, त्यांच्याशी बोलून, त्यांच्या संमतीने जट कापतात. तुमच्या जिल्ह्यातल्या शाखेला विचारा. आधीच जट काढलेली एखादी बाई आजीशी बोलली तर फार फरक पडतो. जट बोटाएवढी लहान आणि नवी असेल तर भरपूर खोबरेल लावून प्रश्न १२ प्रमाणे सोडवता येते. जुनी, घट्ट जट सोडवायच्या भानगडीत पडू नका, त्यात टाळू ओढली जाते. टाळू आणि कात्री यांच्यामध्ये कंगवा धरून थोडं थोडं कापा. खाली जखम किंवा पू दिसला तर आधी डॉक्टर. उवा असतील तर औषध लावा आणि सात-दहा दिवसांनी पुन्हा लावा. टाळू काही दिवस हळवी राहते, तोवर फक्त कोमट पाणी आणि सौम्य शाम्पू, आणि केस बोटभर वाढले की प्रश्न ४ प्रमाणे.